मागून दुसरी खिडकी

४ मार्च

मिस्त्री यांस,

पत्र लिहिणं भाग पडलं त्याचं कारण सरळ आहे. मी तक्रार दिली एक आणि तुम्ही दुरुस्त केल्या तीन. उरलेल्या दोन मी तुम्हाला सांगितल्याच नव्हत्या. त्या माझ्याखेरीज ज्या एकाच माणसाला ठाऊक होत्या, ते माझे पती सात महिन्यांपूर्वी गेले.

फोन केला असता, पण तुम्हाला ऐकू येत नाही हे तुमच्या शेडबाहेरच्या पाटीवरच लिहिलं आहे. ‘मोठ्याने बोलू नका, उपयोग नाही. तक्रार लिहून द्या.’ म्हणून लिहून देते.

गेल्या आठवड्यात सोमवारी आमची घरगाडी तुमच्याकडे आणली. गाडीतल्या स्वयंपाकाच्या ओट्यावरचा नळ बंद केला तरी पाण्याचा पंप घरघरत राहतो, एवढंच लिहून दिलं होतं. शुक्रवारी गाडी न्यायला आले. पंप गप्प झाला होता, त्याबद्दल बोलणं नाही. पण दाराची घडीची पायरी, जिला आत जाण्यासाठी लाथ घालावी लागायची, ती बटण दाबताच सुतासारखी सरळ आत गेली. आणि काल गाडी धुवायला पाइपने पाणी मारलं, तर पलंगावरची खिडकी गळेना. ती खिडकी एरवीही गळत नाही. गाडी डावीकडे कलती उभी असली तरच गळते, आणि आमच्या आवारात ती तशीच उभी असते. हे कळायला त्या पलंगावर झोपावं लागतं, मिस्त्री.

पायरीचं तुम्हाला कसं कळलं? खिडकीचं कसं कळलं? आणि गाडी न्यायला आले तेव्हा ‘ऑइल सांडलंय’ म्हणून मला शेडच्या दारात का अडवलंत? मी वाकून पाहिलं. जमीन कोरडी होती. तिन्ही प्रश्न अनिवार्य आहेत.

तुमचं नाव मला ह्यांनी हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं. ‘अडलंच तर कालव्याच्या पुलाजवळचा बहिरा मिस्त्री. दुसऱ्या कुणाकडे नको.’ त्याला कसं ओळखता, असं विचारल्यावर म्हणाले, ‘ऐकून आहे.’ ज्या माणसाने दहा वर्षांत गाडी कधी बाहेर दुरुस्तीला दिली नाही, त्याने एका मिस्त्रीचं नाव ऐकून असावं, हे मला तेव्हाच खटकलं होतं. आजारी माणसाची उलटतपासणी घेऊ नये म्हणून गप्प बसले.

एकतीस वर्षं मी कॉलेजच्या परीक्षा विभागात काढली. कॉपी करणारा मला पाठीवरून ओळखू येतो. तेव्हा उत्तर विचार करून द्यावं.

— घरगाडीची मालकीण


८ मार्च

मॅडमना नमस्कार.

अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या. डाव्या हाताने लिहितो आणि बोटं पान्याला सरावलेली.

पायरीच्या कडेला टाचेचे वण होते, सगळे एकाच जागी. लोखंडाला कुणी हौसेने लाथ मारत नाही. खिडकीखालच्या प्लायवूडला ओलीचा डाग होता. तीन वर्षांपूर्वी बसवलेलं रबर कोपऱ्यात उचललं होतं, ते बदललं. सगळं कामाच्या चिठ्ठीत लिहिलं आहे. गाडी हातात आली की तीच बोलते. माणसांचं मला ऐकू येत नाही, गाड्यांचं येतं.

ऑइल दुसऱ्या बाजूला सांडलं होतं.

न विचारता एक सांगतो. गाडी चालवणारा हात चांगला आहे. ब्रेकच्या पट्ट्या बघून दहा वर्षांची गाडी वाटत नाही. उतारावर तुम्ही ब्रेक घासत नाही, गिअरवर उतरवता. असं चालवणारे फार थोडे.

पंपाकडे लक्ष ठेवावं.

— मिस्त्री


१३ मार्च

मिस्त्री यांस,

स्तुतीबद्दल आभार मानत नाही. परीक्षकाची स्तुती करणारा विद्यार्थी हटकून पेपर कोरा सोडून आलेला असतो.

ओलीच्या डागावरून गळती कळते, मान्य. पण रबर तीन वर्षांपूर्वी बसवलेलं आहे, हेही डागच सांगतो का? डागावर तारीख असते?

रबर खरोखर तीन वर्षांपूर्वीच बसवलेलं आहे. मला ते ह्यांच्या दुरुस्तीच्या वहीवरून कळलं, आणि आता माझी खात्री झाली आहे, की तुम्हालाही तिथूनच कळलं.

ही वही काय आहे ते आधी सांगते, म्हणजे तुम्हाला ‘कुठली वही’ म्हणायला जागा उरणार नाही. आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो आणि ही गाडी घेतली. घेताना मी एकच अट घातली होती. जी वस्तू आपल्याला दुरुस्त करता येत नाही, ती बाळगायची नाही. दुसऱ्याच्या हातावर विसंबलं की फसवणूक ठरलेली. लांबचं चालवणं माझं, दुरुस्ती तुमची, जमणार नसेल तर आत्ताच सांगा. हे म्हणाले, ‘जमेल.’ लायब्ररीत जन्मभर कार्डं लिहिलेला माणूस. भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी भिंतीची माफी मागणारा. पण शिकले. आमच्या आवारात गाडीखाली शिरायला जागा नाही, म्हणून एक शनिवार आड ते गाडी गावाबाहेरच्या मैदानावर नेत आणि संध्याकाळी कोपरापर्यंत काळे हात घेऊन परत येत. हात धुतले, की लगेच वहीत नोंद. दहा वर्षांत गाडी वाटेत एकदाही अडली नाही. मला त्या माणसाचा अभिमान वाटे. तोंडावर बोलून दाखवला नाही, तो भाग वेगळा.

आता पुरावा. तुमची चिठ्ठी म्हणते, ‘मागून दुसऱ्या खिडकीचं रबर बदललं. चालेल, पण लक्ष ठेवावं.’ ह्यांची तीन वर्षांपूर्वीची नोंद म्हणते, ‘मागून दुसऱ्या खिडकीचं रबर बदललं. तूर्त चालेल, पण लक्ष ठेवावं.’ मी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बसले आहे. दोन उत्तरपत्रिकांत बरोबर उत्तरं सारखी निघाली, तर काहीच सिद्ध होत नाही. विक्षिप्तपणा सारखा निघाला, की एकाने दुसऱ्याचं पाहिलेलं असतं. गाडीच्या खिडक्या जगात कुणीही पुढून मोजेल. मागून मोजणारी माणसं माझ्या पाहण्यात दोनच, एक हे आणि एक तुम्ही. वही गाडीच्या ड्रॉवरमध्ये होती आणि गाडी चार दिवस तुमच्या शेडमध्ये होती.

हेतूही दिसतो आहे. एकटी बाई, अवाढव्य गाडी, दुरुस्तीतलं ओ की ठो कळत नाही. नवऱ्याचेच शब्द तिच्यापुढे ठेवले की ती विश्वास टाकणार, आणि मग दर महिन्याला एक नवा बिघाड. डाव चांगला होता.

मुलगी रोज फोनवर म्हणते, ‘आई, विकून टाक. तुला त्यातलं काय कळतंय?’ तिने शोधलेलं गिऱ्हाईक ३० तारखेला गाडी बघायला येणार आहे. मला विकायची नाही. पण अट माझीच आहे आणि दुरुस्ती करणारा माणूस गेला. त्याआधी मी गाडी दुसऱ्या परीक्षकाकडे फेरतपासणीला नेणार आहे. तुम्ही काय काढून घेतलंत आणि काय घातलंत, ते तिथे कळेल.

— मालकीण


१७ मार्च

मॅडम,

वही वाचलेली नाही. ड्रॉवर उघडला होता, कारण पंपाचा फ्यूज त्याच्या मागे आहे. वही बाजूला ठेवली आणि परत जागेवर ठेवली.

फेरतपासणी जरूर करा. फक्त त्यांना सांगा, की मागची पाण्याची टाकी काढताना उजवीकडून ओढू नका, तिथला पाइप आखूड आहे.

चोर ठरवलंत. चाळीस वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. उत्तर माझ्याकडे आहे, पण मी एका माणसाला शब्द दिला आहे, आणि तो माणूस मला मोकळं करायला येणार नाही. दिलेला शब्द आपल्या आपण सोडवून घेता येतो का, हे मला ठरवता येत नाही. तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हाला ठाऊक असलं तर कळवा.

गाडी विकू नका, एवढंच मागतो. का, ते विचारू नका.

— मिस्त्री


२५ मार्च

मिस्त्री यांस,

आठ दिवस पत्र नाही याचा अर्थ संशय मिटला, असा घेऊ नये. तुमच्या १७ तारखेच्या पत्राने तो दुप्पट झाला. मागच्या टाकीचा पाइप आखूड आहे, हे पंप दुरुस्त करताना दिसत नाही. मी गाडीखाली सतरंजी टाकून, पाठीवर झोपून, बॅटरी लावून स्वतः पाहिलं. शेजारीण कुंपणावरून ओरडली, ‘अहो, पडलात का काय?’ म्हटलं, ‘पडले नाही, परीक्षा घेते आहे.’

नंतर गाडी हमरस्त्यावरच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. काचेचं ऑफिस, कॉफीचं मशीन, टाय लावलेला मॅनेजर. त्यांच्या तपासनिसाने दोन तास गाडी पाहिली आणि बाहेर येऊन विचारलं, “बाई, ही कुणी सांभाळली?”

मी म्हटलं, “का? काय बिघडवलंय?”

“बिघडवलं? आम्ही वायरी प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधतो. इथे एकूण एक वायर मेणाच्या दोऱ्याने बांधली आहे. काही दोरे दहा वर्षांचे, काही गेल्या महिन्यातले. गाठ मात्र पहिल्यापासून एकाच माणसाची. आणि तो माणूस डावरा आहे. आमच्याकडे कामाला येईल का तो?”

मी गाडी घरी आणली आणि आवारात लावून तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले.

माझे पती उजव्या हाताने लिहीत, उजव्या हाताने जेवत, आणि तो खिळाही, भिंतीची माफी मागून झाली की, उजव्या हाताने ठोकत.

मग मी खिडक्या मोजल्या. आमच्या आवारात गाडी फाटकाकडे तोंड करून उभी असते. फाटकातून येणाऱ्याला पुढची बाजू आधी लागते. घराचं दार फाटकालगतच, त्यामुळे घरातून येणाऱ्यालाही तीच. मैदानावर तर चारी बाजू मोकळ्या. इथे राहणाऱ्या माणसाला मागून मोजायचं काहीही कारण नाही. तुमची शेड अरुंद आहे. सोमवारी किल्ली घेऊन तुम्ही गाडी तिच्यात नाक पुढे करून घातलीत, ते मी रस्त्यावरून पाहिलं होतं. तुम्ही दारात उभे राहता तेव्हा तुमच्यासमोर गाडीची पाठ असते. जन्मभर तुम्ही मागूनच मोजत आला असणार.

म्हणजे कॉपी झाली, हे मी बरोबर ओळखलं होतं. कुणी कुणाची केली, एवढंच उलटं वाचलं. एकतीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. दहा वर्षं कॉपीबहाद्दर माझ्यासमोर बसून, हात धुऊन, वहीत तुमच्या चिठ्ठ्या उतरवत होता, आणि मी त्याला चहा करून देत होते.

मी तुम्हाला चोर ठरवलं, ते मागे घेते. माफी मागते. हे वाक्य मी क्वचित लिहिते, तेव्हा जपून ठेवावं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दिलेला शब्द आपल्या आपण सोडवून घेता येत नाही. पण परीक्षेत एक नियम आहे. प्रश्नपत्रिका फुटली, की ती गुप्त राहत नाही. इथे ती मीच फोडली आहे. तुम्ही आता बोलू शकता.

ह्यांचा मला फार राग आला आहे. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हा मोठाच अन्याय आहे. माझ्याशी खोटं का बोलले, हे मला हवं आहे. मैदानावर नव्हते तर दर दुसऱ्या शनिवारी दिवसभर होते कुठे? काम तुम्ही करत होता, तर त्यांचे हात कशाने काळे होत? ३० तारीख जवळ आली आहे. त्याआधी कळवा.

— मालकीण


२७ मार्च

मॅडमना नमस्कार.

छातीवरचा दगड उतरला. सगळं सांगतो.

गाडी घेतली त्याच महिन्यात साहेब आले. पंप उघडायला गेले होते आणि सोळा स्क्रू रुमालात बांधून आणले होते. मला ऐकू येत नाही, हे कळल्यावर त्यांनी खिशातून लायब्ररीचं कोरं कार्ड काढलं आणि लिहिलं, ‘हे कुठून निघाले ते मला माहीत नाही. कृपया घरी कळू देऊ नका.’ मी हसलो. तेही हसले.

नंतर दर दुसऱ्या शनिवारी यायचे. दिवसभर इथेच. मैदानावर कधी गेलेच नाहीत. मी गाडी बघायचो, ते स्टुलावर बसून वाचायचे. मोबदला म्हणून काही घ्यायला मी तयार नव्हतो, कारण त्यांनी माझं मोठंच काम केलं. माझ्या भिंतीवर सुट्या भागांचे एकशे बारा ड्रॉवर आहेत. आधी एक बोल्ट शोधायचा तर सकाळ जायची. साहेबांनी एकेका ड्रॉवरला कार्ड लावलं, आपल्या अक्षरात. आता डोळे मिटून सापडतं. तुम्हाला आत येऊ दिलं नाही ते त्यासाठी. जमीन कोरडीच होती. तुम्ही आत पाऊल टाकताच अक्षर ओळखलं असतं.

हातांचं विचारलंत. कोपऱ्यात जुन्या ऑइलचा एक डबा आहे. निघताना साहेब बाह्या सरसावून त्यात हात बुडवायचे. नीट, कोपरापर्यंत. नखांत विसरायचे, मग मी आठवण करून द्यायचो.

खोटं का, हे मीही विचारलं होतं. त्यांनी कार्डावर लिहिलं. कार्ड माझ्यापुढे आहे, ते जसंच्या तसं उतरवतो. ‘ती एकतीस वर्षं माणसांच्या हातांकडे बघत आली. कुणाच्या बाहीत काय, कुणाच्या मुठीत काय. स्टिअरिंगवर बसली की फक्त रस्त्याकडे बघते. आणि गुणगुणते. गुणगुणते हे तिला माहीत नाही. मला दुरुस्ती येत नाही असं मी म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी गाडी विकेल. अट म्हणजे अट.’

पायरी आणि खिडकी मला गाडीने सांगितली नाही. गेल्या जुलैत साहेब रिक्षाने आले. रस्त्यावरून शेडच्या दारापर्यंत येताना दोनदा थांबले. माझा नियम त्यांना ठाऊक होता, तक्रार लिहून द्यायची. त्यांनी लिहून दिली. ते कार्ड मी पाठवत नाही. ते हातात देण्यासारखं आहे. तुम्ही या. ऑइल सांडलेलं नाही.

— मिस्त्री


३० मार्च
दिल्या-घेतल्याची नोंद
(स्थळ: मिस्त्रींची शेड. वेळ: सकाळी अकरा. दोन प्रती. एक शेडमध्ये राहील, एक गाडीत.)

गिऱ्हाइकाला काल संध्याकाळी नकार कळवला. मुलगी म्हणाली, ‘आई, पण दुरुस्ती?’ तिला सांगितलं, माणूस आहे. दहा वर्षं होताच.

मिस्त्रींनी माझ्या हातात दिलं ते असं. ह्यांचा इथे ठेवलेला खाकी कोट एक, धुतलेला, खिशात ह्यांचा वाचायचा चष्मा. लायब्ररीच्या कार्डांचा गठ्ठा एक, दोऱ्याने बांधलेला, गाठ डावरी. हे दहा वर्षांतलं ह्यांच्या बाजूचं बोलणं आहे. मिस्त्री तोंडाने बोलत, त्यामुळे त्यांची बाजू कागदावर नाही. ती गरज पडेल तशी विचारून घेईन.

गठ्ठ्यातलं वरचं कार्ड इथेच वाचलं. मजकूर असा: ‘तक्रार. दाराची पायरी लाथ मारल्याशिवाय आत जात नाही. मागून दुसरी खिडकी पुन्हा गळते. ही गाडी पुढच्या वेळी घेऊन येणारी व्यक्ती यांतलं काही सांगणार नाही. तिला विचारू नये. करून ठेवावं.’

भिंतीवरचे ड्रॉवर पाहिले. सगळे पाहिले. एकाही ड्रॉवरचं कार्ड काढलं नाही. ती शेडची मालमत्ता आहे.

मी मिस्त्रींच्या हातात दिलं ते असं. घरगाडीची दुसरी किल्ली एक, कायमची. दुरुस्तीची वही एक. यापुढच्या नोंदी मिस्त्रींनी स्वतः, थेट वहीत कराव्यात. खिडक्या मागून मोजायला हरकत नाही. माझी जुनी अट आजपासून रद्द समजावी.

जुन्या ऑइलचा डबा एक, अर्धा भरलेला. हा मिस्त्रींनी दिला नाही, मी मागून घेतला. झाकण सैल होतं, ते उघडून पाहिलं.

वरील सर्व वस्तू मोजून, तपासून मिळाल्या व दिल्या.

— सही, मिस्त्री
— सही, मालकीण

माझ्या सहीशेजारी पडलेला डाग ऑइलचा आहे. दुसऱ्या कशाचा समजू नये.